वाळवंट सोडून सगळीकडं

माझ्या बायकोला टीव्हीवर वाळवंट चालत नाही. समुद्र चालतो, बर्फ तर फारच आवडतो. जंगलं, शहरं, जुने किल्ले, परदेशातले भाजीबाजार, काहीही चालतं. पण पडद्यावर वाळूच्या टेकड्या दिसायला लागल्या आणि डोक्याला फडकं गुंडाळलेला कुणी उंटाची दोरी धरून चालू लागला, की ती एवढंच म्हणते, "बदला." मी बदलतो. कुठून कुठं आलो याचा विचार न करता पुढचा देश लावतो.

कारण साधं आहे. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस असतं. अंगात साचलेलं पाणी मशीनच काढतं, त्यामुळे दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी बेतानं प्यायचं. सकाळी एक बाटली भरून ठेवायची, दिवसभरात तेवढंच. चहा, वरण, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. नाशिकचा उन्हाळा पूर्वीसारखा राहिलेला नाही. एप्रिल-मे महिन्यात ती दुपारी बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसते आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलत नाही. वाळवंट बघितलं की घसा कोरडा पडतो म्हणते. एकदा एका कार्यक्रमात एक तरुण मुलगा डोंगर चढून गेला आणि वर एका झऱ्याला ओंजळ लावून पाणी प्यायला. हनुवटीवरून पाणी गळतंय, तो हसतोय, पुन्हा पितोय. ती इतकी टक लावून बघत होती की मीच उठून आत गेलो. तेव्हापासून झरे दिसले की मी आधीच सावध होतो.

आम्ही नाशिकरोडला एका कॉलनीत राहतो. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, ती महापालिकेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवायची. आयुष्यात प्रवास म्हणजे लग्नं, बारशी, मयती आणि वर्षाआड नागपूर. अजिंठ्याला ती एकदा शाळेची सहल घेऊन गेली होती, पण तिनं लेणी पाहिली ती मुलांची डोकी मोजत. आत काय होतं असं मी विचारलं, तर म्हणाली, अंधार होता आणि एक मुलगा सारखा मागं राहत होता. म्हणून आम्ही ठरवलं होतं की दोघंही निवृत्त झालो की निवांत फिरायचं. विहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला जायचं पक्कं झालं होतं. पासपोर्ट आले. तिनं सुती साड्या घेतल्या, चालायला बरे पडतील असे बूट घेतले. ते बूट घालून ती घरातल्या घरात फेऱ्या मारायची, म्हणजे तिकडं पाय चावायला नकोत.

बूट घट्ट व्हायला लागले. आधी आम्ही दुकानदाराला दोष दिला. मग लक्षात आलं की पाय सुजतायत. दमायचीही फार, पण इतकी वर्षं शाळेत घालवल्यावर कुणीही दमतं असं आम्ही धरून चाललो होतो. प्रवासाआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, बीपीच्या गोळ्या कधीपासून बंद केल्यात? तिनं त्या बंद केल्या नव्हत्या. तिला बीपी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

श्रीलंकेला मंडळी गेली, परत आली. आमच्याकडं येऊन फोटो दाखवले. प्रत्येक फोटो दाखवताना ते थोडे ओशाळत होते, आणि ती मात्र वर्गातल्या मुलाला विचारावं तसं विचारत होती, हे कुठलं, याच्या मागं काय आहे, इथून समुद्र किती लांब. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "फोटो बघून काही कळत नाही हो. सगळ्या फोटोंत तेच उभे आहेत. जागा दिसतच नाही."

पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं हे फोनवर ऐकलं असावं. पुढच्या वेळी आली ती हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही बसवूनच गेली. इंटरनेट जोडून दिलं, आईला बोलून शोधायला शिकवलं. रिमोटवरचं बटण दाबून तोंडानं सांगायचं, "नॉर्वे." पहिल्यांदा बायकोनं ते इतक्या स्पष्ट आणि खणखणीत उच्चारात सांगितलं की मला वाटलं नॉर्वे उठून 'हजर' म्हणेल.

तेव्हापासून आमचं फिरणं सुरू झालं. मी 'आमचं' म्हणतो खरा, पण फिरायची ती. तिला निवेदक फार बडबड करणारा नको असतो. छातीला कॅमेरा बांधून कुणी नुसतं एखाद्या गावातून चालत जातं, असे कार्यक्रम तिला सगळ्यांत आवडतात. बुटांचा आवाज, मधेच घंटा, दुकानाचं दार उघडतं. रेल्वेच्या इंजिनातून दिसणारा रस्ता असतो, तासन् तास नुसते रूळ आणि बर्फ, तोही ती बघते. शेजारी बशीत मोजकं काहीतरी खायला, पायांखाली उशी. "आज कुठं?" असं तीच मला सकाळी विचारते आणि उत्तरही तीच देते.

मला ते जमत नव्हतं. टीव्ही सुरू झाला की मी तिच्या मागच्या दिवाणावर बसायचो. मला बर्फ दिसायचा आणि त्याच्यापुढं तिचं डोकं दिसायचं. कान पडद्याकडं असायचे तरी बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज मला बरोबर ऐकू यायचा. बाटलीत किती उरलं, पाय सुजलेत का, दम लागतोय का, उद्या डायलिसिसच्या आधी वजन किती भरेल, हेच डोक्यात. आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावरचे एसीचे डबे दिसतात आणि पलीकडं स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. मी मधेच उठून तिथं जाऊन उभा राहायचो. आत लोक बोटीत बसून कुठल्या तरी खाडीतून चाललेले असायचे. मला वाटायचं, हिला एवढं खूश व्हायला कसं जमतं? तिचा थोडा रागही यायचा. आजारी ती होती, आणि अडकल्यासारखं मला होत होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एक दिवसाआड आमची फेरी ठरलेली. कॉलनीतून निघायचं, उड्डाणपुलाखालच्या गर्दीतून डायलिसिस सेंटरला पोहोचायचं. किती पाणी साचलंय ते कळायला तिला वजनकाट्यावर उभं करायचं. मग डाव्या हातात दोन जाड सुया, आणि चार तास ती त्या खुर्चीवर. तिच्या त्या हाताला बोट लावलं की कातडीखाली कायम एक घरघर जाणवते. ऑपरेशन करून शीर जोडलेली आहे ना, तिथली. नातेवाइकांनी बाहेर बसायचं असा नियम आहे, पण काचेतून आतलं दिसतं. आत भिंतीवर एक टीव्ही आहे आणि त्याच्यावरून तिथं रोज भांडणं व्हायची. बायकांना मालिका हव्यात, म्हाताऱ्यांना बातम्या, एका तरुण पोराला क्रिकेट. हात बांधलेली माणसं भांडतात तेव्हा नुसत्या तोंडानंच भांडतात, ते फार केविलवाणं दिसतं.

हिनं तिथं वर्गच लावला. प्रत्येकाला विचारून वेळ वाटून दिली. आधी मालिका, मग बातम्या, आणि शेवटचा तास प्रवासाचा. शेवटचा तास तिनं मुद्दाम मागून घेतला होता, कारण तेव्हा पायांत गोळे येतात आणि घड्याळ पुढं सरकत नाही. क्रिकेटवाल्याला सामना असेल त्या दिवशी पूर्ण वेळ. कुणीही हू का चू केलं नाही. सिस्टरसुद्धा तिला विचारून चॅनेल बदलू लागल्या.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर दिंडोरीकडचे एक शेतकरी असायचे. चाळिशीचे, उंच, बोलके. घरची द्राक्षबाग. पहाटे निघून मोटारसायकलवर भावाच्या मागं बसून यायचे. आधी आधी ते डोळ्यांवर टॉवेल टाकून पडून राहायचे. एकदा पडद्यावर परदेशातल्या द्राक्षबागा लागल्या, डोंगराच्या उतारावर ओळीनं लावलेल्या, तेव्हा त्यांनी टॉवेल बाजूला केला.

"मॅडम, ह्यांच्याकडं मांडव नाय," ते म्हणाले.

तेव्हापासून दोघांचं जमलं. द्राक्षांच्या बागा असलेला देश हिनं त्यांच्यासाठी शोधून ठेवायचा आणि सिस्टरला सांगून लावायचा. ते बघत बघत आपल्याकडच्या छाटणीचं, फवारणीचं सांगायचे. बाहेर मी आणि त्यांचा भाऊ बाकड्यावर बसलेले असायचो. भाऊ म्हणाला, घरी दादा कोणाशी बोलत नाय, इथं येऊनच बोलतो. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. मी तिच्याशी असं एखाद्या देशाबद्दल कधीच बोललो नव्हतो.

किडनी बदलण्याचा विषय सुरुवातीलाच निघाला होता. मी माझी देतो म्हटलं. तपासण्या झाल्या, मला मधुमेह आहे म्हणून डॉक्टरांनी नाही सांगितलं. मग मुलगी पुण्याहून आली. रक्तगट जुळत होता, नवऱ्याशी बोलून आली होती, पुढच्या तपासण्यांची वेळही ठरवून आली होती. जेवणं झाल्यावर तिनं हे आईला सांगितलं. मुलगी बोलत होती तोवर बायकोनं ताटं उचलली, ओटा पुसला, फडकं वाळत घातलं. मग येऊन बसली आणि नको म्हणाली.

मुलीनं समजावलं. एका किडनीवर माणूस नीट जगतो, डॉक्टर सांगतायत, हजारो लोक देतात. मीही तिच्याच बाजूनं बोललो, बराच बोललो. शेवटी बायको मुलीला म्हणाली, "हे बघ, माझं खुर्चीत बसून चाललंय. चालू दे. उद्या तुझ्या उरलेल्या एकीला काही झालं, तर तू या खुर्चीत बसशील. ते मला बघायचं नाही."

"पण आई, तू अशीच किती दिवस काढणार?"

"निघतील तेवढे काढीन."

मुलगी रडली. बायकोनं तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, पण शब्द फिरवला नाही. सरकारी यादीत नाव नोंदवलेलं आहे. कुणा अनोळखी माणसाची मिळाली तर घेईन, म्हणते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे आता असंच राहणार आहे. दार बाहेरून कुणी लावलं नव्हतं, तिनं स्वतः आतून कडी घातली होती, आणि मीही त्याच खोलीत होतो.

दिंडोरीच्या शेतकऱ्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं किडनी दिली. ते काही महिने दिसले नाहीत, आणि मग एके दिवशी तोंडाला मास्क लावून पेढे घेऊन सेंटरच्या दारात आले. आत यायचं नव्हतं त्यांना, जंतूंची भीती. काचेतूनच हात जोडले. हिनं उजवा हात वर केला. तिला फार आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. घरी आल्यावर मात्र तिनं टीव्ही लावला नाही. अंथरुणावर पडून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "त्या खुर्चीवर आता एक आजीबाई आल्यात. त्यांना काही दिसत नाही. देश कुणाला दाखवू?"

पुढं त्या शेतकऱ्यांनीच फोन केला. बाग तोडणीला आली आहे, मॅडमना घेऊन याच. मी लगेच हो म्हटलं. नाहीतरी आमच्याकडं मधला दिवस मोकळा असतो, आणि दिंडोरी म्हणजे काही परदेश नव्हे. गाडी ठरवली. तिनं श्रीलंकेसाठी घेतलेल्या साड्यांपैकी एक काढली. पंचवटी मागं पडल्यावर तिनं खिडकीची काच खाली केली आणि पूर्ण रस्ताभर बाहेर बघत राहिली. ट्रॅक्टर, क्रेटचे ढीग, वायनरीच्या पाट्या, सगळं ती मोठ्यानं वाचत होती. मला वाटलं, सुटलो. अगदी थोडंसं का होईना, सुटलो.

त्यांच्या घरची माणसं फार चांगली होती. तिथंच अडचण झाली. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. गेल्या गेल्या तांब्याभर पाणी पुढं आलं. तिनं एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. मग चहा आला. मग बागेतून आताच तोडलेल्या घडांनी भरलेली परात आली. द्राक्षातलं पोटॅशियम अंगात साचतं, त्यामुळे तिला दोन-चार मणीच चालतात. शेतकरी घरच्यांना सांगत होते की त्यांना आग्रह करू नका, पण त्यांची आई काही ऐकेना. एवढ्या लांबून आलीस, बाई, खाल्ल्याबिगर कसं जाशील, चव तरी घे, लेकरू म्हणून घे. ही हसून नको म्हणत होती. मग उसाचा रस आला, खास तिच्यासाठी बर्फ घालून. त्या ग्लासावर बाहेरून पाण्याचे थेंब जमले होते. ती त्या ग्लासाकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. तिनं ग्लास उचलला. मी म्हणालो, "अगं." तिनं खाली ठेवला.

मग आम्ही बागेत गेलो. मांडवाखाली हिरवी सावली होती, डोक्यावर घड लोंबत होते, मजूर बाया कात्रीनं घड काढून क्रेटमध्ये ठेवत होत्या. शेतकरी हौसेनं दाखवत होते. तिला चालवेना. वाफ्याच्या कडेला एका उलट्या क्रेटवर बसली. ऊन वर आलं होतं, शेजारच्या बागेत फवारणी चालू होती, त्याचा वास येत होता. थोड्या वेळानं तिला घेरी आल्यासारखं झालं. आम्ही लवकरच निघालो. त्यांच्या आईनं गाडीत द्राक्षांची पेटी ठेवलीच.

परत येताना ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. म्हसरूळच्या जवळ आल्यावर डोळे न उघडता म्हणाली, "टीव्हीचं बरं असतं. तिथं कुणी आग्रह करत नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

त्यानंतर काही दिवस ती माझ्याशी तुटक वागत होती. कारण मला कळलं ते माझ्या जुन्या ऑफिसातल्या लोकांचं हिमाचलला जायचं ठरलं तेव्हा. सगळे निवृत्त, आठवडाभराची सहल. त्यांनी मला विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवला तर ती समोर उभी. कुणाचा फोन, कशाला, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही जा. मी म्हटलं, तुला सोडून कसा जाऊ? तुझी फेरी कोण करणार, तुझं पाणी कोण बघणार?

ती दिवाणावर बसली. मी बसायचो त्याच जागी.

"तुम्ही इथं माझ्या मागं बसता," ती म्हणाली. "मी टीव्ही बघते आणि तुम्ही मला बघता. मी घोट घेतला की तुमचा श्वास अडकतो, तो मला ऐकू येतो. मी नॉर्वेत असते हो. तुम्ही मला ओढून परत या हॉलमध्ये आणता. त्या दिवशी रसाचा ग्लास मी ओठाला लावणार होते फक्त. गार लागला असता. तेवढंच करणार होते."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"मला तुमचा कंटाळा आलेला नाही," ती म्हणाली. "पण आठवडाभर मला कुणी मोजू नये असं वाटतं."

इतकी वर्षं मी समजत होतो की अडकलेला मी आहे आणि ती मजेत फिरते आहे. तिची सगळी फिरती माझ्या नजरेखाली चालली होती. ती कुठंही गेली तरी मी मागच्या दिवाणावर बसलेलाच असायचो.

मुलगी रजा घेऊन आली आणि मी हिमाचलला गेलो. गेलो म्हणजे शरीरानं गेलो. हॉटेल चांगलं होतं, सोबतची मंडळी जुनी, चेष्टामस्करी चालू होती. पहिल्या दिवशी डोंगर बघून मला आधी वाटलं की हे बघितलेलं आहे, आणि मग आठवलं की आमच्या हॉलमध्ये. पण टीव्हीतल्या डोंगराला वास नसतो. इथं देवदारांचा वास होता आणि थंडी नाकातून थेट डोक्यात जात होती. मी फोनवरून तिला व्हिडिओ कॉल लावला आणि हात लांब करून डोंगर दाखवू लागलो.

"हात किती हलतोय तुमचा," ती म्हणाली. "नुसते बूट दिसतायत. राहू द्या, तुम्हीच बघा. मी इथं लावलंय."

"काय लावलंय?"

"हिमाचलच लावलंय. तुम्ही आहात तिथूनच पुढं गेलं की एक लाकडी देऊळ आहे. जाऊन या."

डायलिसिसच्या दिवशी मात्र मी सकाळपासून कुठंही असलो तरी तिथं नव्हतो. आता वजन केलं असेल. आता सुया टोचल्या असतील. आता शेवटचा तास. सगळे रोपवेनं वर गेले तेव्हा मी खाली चहाच्या टपरीवर बसलो आणि मुलीच्या फोनची वाट बघत राहिलो. तिचा फोन आला तो घरी पोहोचल्यावर. सगळं व्यवस्थित होतं. वजन किती भरलं असं विचारलं तर ती म्हणाली, "पप्पा, आईनं सांगू नको म्हटलंय." मागून बायकोचं हसणं ऐकू आलं. किती तरी दिवसांनी ऐकलं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी इतकं एकटं वाटलं की टपरीवाल्यानं विचारलं, तब्येत बरी आहे ना.

शेवटच्या दिवशी आम्ही बर्फात गेलो. सगळे लहान मुलांसारखे एकमेकांना गोळे मारत होते. मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला आणि तो हातात वितळेपर्यंत उभा राहिलो. हात बधिर झाला. फोटो काढला नाही.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ होती. पाय थोडे सुजले होते तिचे, जरा जास्तच. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही, हे तिनंही पाहिलं. मी बॅग ठेवली. मुलीनं चहा केला. बायकोनं विचारलं, काय काय पाहिलंत? मी सांगायला लागलो, डोंगर, देवदार, नदी, आणि मला जाणवलं की तिला टीव्हीवर दिसत नाही असं माझ्याकडं सांगण्यासारखं थोडंच आहे. मग मी तिला थंडीबद्दल सांगितलं, ती नाकातून डोक्यात कशी जाते ते. बर्फ हातात धरला की आधी गार लागतो, मग भाजतो, मग काहीच लागत नाही. ती लक्षपूर्वक ऐकत होती.

"आणि वास?" तिनं विचारलं.

देवदाराचा वास कसा होता हे मला नीट सांगता येईना. पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा, असं काहीतरी म्हणालो. तिनं मान डोलावली. शाळेत असताना दिवसभर तोच वास यायचा म्हणाली.

मुलगी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. आमची एक दिवसाआडची फेरी पुन्हा सुरू झाली. यादीत नाव अजून आहे, फोन आलेला नाही. आता सकाळी बाटली तीच भरते. मी दिवाणावर बसत नाही, तिच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो आणि पडद्याकडं बघायचा प्रयत्न करतो. नेहमी जमतं असं नाही. बऱ्याचदा माझं लक्ष तिच्या श्वासाकडंच असतं, फक्त मान वळवत नाही. तिला ते कळत असावं. हॉल तेवढाच आहे, गॅलरीतून तीच भिंत दिसते. काही दुपारी मला अजूनही वाटतं की उठावं, जिना उतरावा आणि पाय नेतील तिकडं चालत सुटावं.

परवा अशीच एक दुपार होती. मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत उभा होतो. आतून तिचा आवाज आला. उत्तरेकडचं कुठलं तरी बेट होतं, तिनं बोट निघायच्या ठिकाणापासून लावलं होतं आणि थांबवून ठेवलं होतं.

"अहो, येताय ना?" ती म्हणाली. "बोट धरून ठेवलीय मी."

मी कपडे तसेच खांद्यावर टाकले आणि आत जाऊन बसलो. बोट सुटली. पाऊस पडत होता तिथं, आणि धक्क्यावरचा एक माणूस कुणाला तरी हात हलवत होता.